चकतीशिवायचं प्रकरण

"तुमच्या मेंदूला आता स्फूर्तीची चकती सोसत नाही. पुन्हा बसवता येणार नाही," डॉक्टरांनी शर्वाणीच्या कानामागून ती काढत सांगितलं.

शर्वाणीच्या सगळ्या कादंबऱ्या चकती सुरू करून, एका झपाट्यात लिहिलेल्या होत्या. आताची मात्र अर्ध्यावर अडकली होती. नायिका अनेक वर्षांपूर्वी सोडलेल्या घराच्या दारात उभी होती, आणि आत गेल्यावर ती नवऱ्याला काय म्हणेल, हे शर्वाणीला ठाऊक नव्हतं.

घरी येऊन ती टेबलाशी बसली. काहीच सुचेना. तरी तिनं लिहिलं, "तिनं दार वाजवलं." वाक्य अगदीच बेचव होतं. तिनं ते खोडलं आणि पुन्हा तेच लिहिलं. मग ती रोज सकाळी बसू लागली. कित्येकदा लिहिलेलं सगळं फाडावं लागे.

"नवशिक्यासारखं लिहितेय मी," ती नवऱ्याजवळ कुरकुरली.

"मग शीक की," निषाद म्हणाला आणि चहा ठेवायला उठला.

उन्हाळा सरता सरता प्रकरण पुरं झालं. निषाद वाचता वाचता एका जागी थांबला. नायिका घरात येते, नवऱ्याशी एक शब्दही न बोलता स्वयंपाकघरात जाते आणि उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद करते.

"हे कसं सुचलं तुला?"

"सुचलं नाही रे. तिला दारात उभी ठेवून कंटाळले, म्हणून आत पाठवली. आत गेल्यावर दूध दिसलं."

"आणि पुढे?"

"उद्या बसले की कळेल," शर्वाणी म्हणाली. पुढचं ठाऊक नसूनही आज पहिल्यांदाच तिला भीती वाटली नाही.