रोजची बोलणी

"ढोल?" मालकांना हसू आवरेना. "अहो, त्याला फोरमन करायचं? काय चेष्टा लावलीय."

म्हातारा फोरमन काचेच्या केबिनमध्ये उभा होता. खाली बुटांचा सगळा कारखाना दिसत होता. महिनाअखेर तो निवृत्त होणार होता आणि आपल्या जागी कुणाला नेमावं, एवढंच सांगायला वर आला होता.

ढोलसारखा कारागीर कारखान्यात दुसरा नव्हता. त्याने चिकटवलेला सोल कधी सुटला नाही. पण रोज सकाळी भोंगा वाजला, की फोरमन चाळीस माणसांदेखत त्याचीच खरडपट्टी काढायचा. टाके कुणी का वाकडे घालेना, बोलणी ढोलने खायची. रोज वाजायचा, म्हणून नावच पडलं ढोल.

युक्ती मात्र त्याचीच होती. अकरा वर्षांपूर्वी फोरमनने एका शिलाईवालीला झापलं, ती डोळे पुसत घरी गेली ती परत आलीच नाही. तेव्हा ढोल त्याला जिन्यात गाठून म्हणाला होता, "दादा, चूक कुणाचीही असो, मला झापत जा. ज्याची असेल त्याला बरोबर कळेल. माझं काय, मी गेंड्याच्या कातडीचा."

औषध लागू पडलं. माणसं टिकली, माल सुधारला. फोरमनने शब्द दिला, "माझ्यानंतर खुर्ची तुझी." मग रोज झापून झालं, की दोघं जिन्यात चहा घेत. "आज आवाज जरा पडला, दादा," ढोल म्हणायचा. "उद्या दणक्यात होऊ द्या." चारचौघांत मात्र तो त्याला साहेबच म्हणे.

"अकरा वर्षं ऐकतोय मी," मालक म्हणाले. "एवढा चुकार माणूस तुम्ही ठेवलात कसा? आजच्या आज काढा त्याला. आणि तुम्ही हो कुठे निघालात? तुमच्यासारखी माणसांची पारख कुणाला आहे इथे? दोन वर्षं सल्लागार म्हणून थांबा."

एक वाक्य पुरलं असतं. पण ते बोलायचं म्हणजे अकरा वर्षं मालकांना बनवलं, हे कबूल करायचं. मग कसली पारख आणि कसला सल्लागार. फोरमनला स्वतःची लाज वाटली, आणि ती वाटत असतानाच तो म्हणाला, "खरंय तुमचं. फार दिवस चालवून घेतलं मी त्याला."

"मग जा, सांगा. मी बघतो इथून."

फोरमन खाली उतरला. यंत्रं थांबली. ढोल हातातला बूट ठेवून नेहमीसारखा मान खाली घालून उभा राहिला.

"कामचुकार लेकाचा," फोरमन ओरडला. "अकरा वर्षं झाली, हाताला वळण नाही. बास झालं आता. सामान उचल आणि चालता हो. उद्यापासून या दारात पाय ठेवायचा नाही."

आवाज शेवटी फाटला. वर काचेमागे मालकांनी मान डोलावली.

"हो साहेब," ढोल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मग खाली वाकून त्याने पुढचा बूट हातात घेतला, आणि ओठ न हलवता पुटपुटला, "आज तर डोळ्यांत पाणीसुद्धा आणलंत, दादा. अगदी खरं वाटलं."