पाहुण्यांसाठी मरळ

मरळ बादलीत अजून उसळत होती. भोईपुऱ्यातल्या ललिताबाईनं ती दुपारीच तळ्यावरून आणून दिली होती आणि जाताना म्हणाली होती, "तुमच्या जमातीचा हुकूम आमच्यावर नाई चालत, बाई. अजून लागली तं सांगजा."

बदरुन्निसानं चुलीतली राख हाताला लावून मासा घट्ट धरला, डोकं दगडावर आपटलं आणि विळी पुढे ओढली. तिला संताप आला होता.

यायलाच हवा होता. संध्याकाळी मेडशीचे युनूसमियां येणार होते, आपल्या मुलासाठी, फय्याजसाठी, तिच्या लेकीला, लतीफाला मागणी घालायला. अशा पाहुण्यापुढं नुसतं वरण ठेवायचं म्हणजे उठा आणि चालते व्हा, असं सांगण्यासारखंच. म्हणून सकाळीच ती बुरख्याखाली कोंबडी घेऊन ती हलाल करून घ्यायला मुल्लाजींच्या दारात गेली. त्यांनी सुरीला हातही लावला नाही, नुसती मान हलवली. कसायानं तर तिला पाहून पाठच फिरवली. दोघांनाही गफ्फारनं आधीच सांगून ठेवलं होतं. गफ्फार म्हणजे तिचा धाकटा दीर, जमातीत त्याचा शब्द चालायचा. नवरा गेल्यापासून त्याचं एकच टुमणं चालू होतं: लतीफा माझ्या पोराला द्या, म्हणजे घर घरातच राहील.

"अम्मी, कोंबडी आपनच कापली असती तं?" चिंच कोळता कोळता लतीफा म्हणाली. "किताबात बाईले मनाई नाई म्हंतात."

"किताबात नाई. वाशीममंदी हाय. तुह्या चाच्यानं नुसतं बोट दाखवलं असतं, का पाव्हन्यानं घास खाली ठेवला असता."

लतीफा पुन्हा चिंच कोळू लागली. तिला मेडशीला जायचं होतं. चाच्याच्या पोराचं नाव निघालं की ती भरल्या ताटावरून उठायची, आणि आईला तेवढं कळायला पुरे होतं.

तेलात लसूण, जिरं, मेथी तडतडली. बदरुन्निसानं मुठीनं हळद टाकली.

"एवढी?"

"लागते. राहू दे."

लढाईमुळे घासलेट मिळत नव्हतं, म्हणून ऊन असतानाच बैठकीत जेवणाचा दस्तरखान पसरला. युनूसमियां भारदस्त माणूस, पांढरी दाढी, बोलणं कमी. शेजारी गफ्फार. घरात दुसरा पुरुष नाही, त्यामुळे यजमान तोच. परीटघडीचा पांढरा कुर्ता घालून, अत्तर लावून आला होता. बदरुन्निसा पडद्याआड बसली.

युनूसमियांनी हात धुतले तसा गफ्फार खाकरला.

"जेवायच्या आंधी एक सांगून ठेवतो, मियां. नाई तं उद्या मले बोल लागीन. या घरी आज मुल्ला आला नाई. कसायानं बी गोश्त देलं नाई. आता आतून जे येईन, ते कोनं कापलं, कसं कापलं, मले काय माहीत? तुमी ठरवा."

युनूसमियांनी भाकरीकडे नेलेला हात मागं घेतला. पडद्याच्या कडेनं लतीफानं आईचा पदर पकडला. आईनं तो सोडवून घेतला आणि डेगची पडद्याबाहेर सरकवली.

"गरम हाय, गफ्फारमियां. सांभाळून न्या."

त्याला उठावंच लागलं. फडक्यानं धरून त्यानं डेगची दस्तरखानावर ठेवली आणि साऱ्यांना दिसावं म्हणून झाकण पार बाजूला काढलं. वाफ निघाली. युनूसमियां पुढं वाकले. गफ्फारही वाकला, आणि तसाच राहिला.

"मरळ हाय ही," युनूसमियां म्हणाले.

"हाव," पडद्याआडून बदरुन्निसा म्हणाली. "पान्यातून काढली तवाच हलाल झाली. तिले मुल्ला लागत नाई आन् कोनाची परवानगी बी लागत नाई."

मग युनूसमियांनी बाही वर सारली आणि भाकरी मोडली.

"वाढा, गफ्फारमियां. मुंडकं मले."

वाढायचा डाव आतच राहिला होता. बदरुन्निसानं तो मुद्दाम मांडीवर धरून ठेवला होता. गफ्फारनं डेगचीत पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मागायचा म्हणजे पुन्हा तिच्याच दाराशी जायचं, ते काही त्याला जमलं नाही. त्यानं पोळत्या रश्श्यात बोटं घातली आणि मुंडकं काढून पाहुण्याच्या ताटात ठेवलं. मग तुकडे वाढले. युनूसमियांनी मुंडकं सावकाश चोखून खाल्लं, काटे ताटाच्या कडेला लावून ठेवले आणि आणखी एक तुकडा मागितला. तोही गफ्फारनंच वाढला.

"भाभी, पोरगी बी असंच रांधते?"

"चिंच तिचीच हाय. तिनंच चाखून घातली."

"मंग पुढच्या चांदाले तारीख धरू. फय्याजच्या अम्मीले घेऊन येतो."

आत लतीफानं तोंडावर ओढणी दाबली. ती हसते आहे की रडते आहे, हे आईनंसुद्धा पाहिलं नाही. आईचं लक्ष बाहेर होतं.

बाहेर गफ्फार हातावर पाणी घेत होता. राखेनं घासलं, पुन्हा पाणी घेतलं. बोटं पिवळीच राहिली, आणि कुर्त्याच्या बाहीवरही एक पिवळा ओघळ उतरला होता.

"कायले घासून राह्यले, गफ्फारमियां," पडद्याआडून आवाज आला. "लग्नाघरची हळद हाय. राहू द्या."