पंख्यातला कापूस

लालबागच्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात दौलतने मृदुलाचा लॅपटॉप उघडला, तेव्हा आतला पंखा पांढऱ्या कापसाने गच्च भरला होता. हवाच खेळत नव्हती, म्हणून मशीन तापून बंद पडत होतं.

"मॅडम, गादीवर ठेवता काय?"

"नाही हो. ऑफिसात, काचेच्या टेबलावर असतो. चौदाव्या मजल्यावर कापूस कुठून येणार?"

त्याने पंखा साफ केला. लॅपटॉप सुरू झाला. तीन दिवसांनी ती परत आली. लॅपटॉप पुन्हा बंद, आत पुन्हा तेवढाच कापूस.

दौलतचे वडील बाजूला पेपर वाचत बसले होते. संप होईपर्यंत वीस वर्षं त्यांनी गिरणीत कापूस पिंजला होता. त्यांनी चिमूटभर कापूस ओढून पाहिला, नाकाशी नेला.

"ही धूळ नाय. आज पिंजलेला माल आहे." मग त्यांनी मृदुलाकडे पाहिलं. "तुझं ऑफिस कुठं, पोरी?"

तिने परळच्या एका टॉवरचं नाव सांगितलं. त्यांची गिरणी पाडून तिथेच तो टॉवर उभा राहिला होता.

म्हाताऱ्याने चिमटीतला कापूस टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाला, "खोकला कधीपासून येतोय तुला?"

मृदुला दुकानात एकदाही खोकली नव्हती.

"सोमवारपासून," ती म्हणाली. पर्समधून तिने एक छोटी डबी काढली. "डॉक्टरांना दाखवायला ठेवलंय. आज सकाळी घशातून आलं."

दौलतने झाकण उघडलं. आत हातभर लांब, नीट पीळ दिलेलं ओलं सूत होतं.

"ओढलं तेवढं आलं," ती म्हणाली. "मग तुटलं."