बोलावणं

प्लंबर वर्षभर एकच प्रार्थना करत होता, "प्रभू, मला सेवेला पाठव, कितीही लांब." बोलावणं आलं ते दोन गल्ल्यांपलीकडून. दारूच्या नशेत त्याला घराबाहेर काढणारे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. "तिथे सोडून कुठेही जाईन," तो बायकोजवळ कुरकुरला. ती म्हणाली, "अहो, देवाने तिथेच बोलावलंय ना?" तो गेला. त्याला पाहताच वडिलांनी तोंड फिरवलं. त्याने त्यांना उठवून बसवलं, लुळा पाय टबातल्या कोमट पाण्यात ठेवला आणि टाचेच्या भेगांतला मळ साबणाने काढला. मनात तो देवाशी भांडतच होता. पाय पुसून तो उठणार, तोच वडिलांनी धडधाकट पाय स्वतःच टबात बुडवला. जड जिभेने ते म्हणाले, "हाही धू, बाळा." त्याला हसू आलं, रडूही. देवाचे आभार मानत तो ताजं पाणी आणायला उठला.