बाईंच्या हातचा 'ह'

चिमणीच्या नावापाशी बाईंचं पेन रोजच्यासारखं अडखळलं, आणि रोजच्यासारखाच त्यांनी 'ह' लिहिला. हजर. मधल्या रांगेतली तिची जागा आज अकराव्या दिवशीही रिकामी होती.

सलग पंधरा दिवस गैरहजर राहणाऱ्याचं नाव पटावरून कमी करा, असा वरून आलेला नियम. नाव गेलं की परीक्षा गेली. मग गणितात वर्गाला मागे टाकणारी ही पोर जन्मभर खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठेच चिकटवत बसली असती.

बाईंनी हातपाय हलवले नाहीत असं नाही. घरी गेल्या, तर आई म्हणाली, "एवढी ऑर्डर उरकू द्या हो बाई. शाळा काय पळून जातेय?" मग त्यांनी लेखी तक्रार केली. तपासणीला साहेब आले, चहा पिऊन गेले. त्यानंतर मालकाने एकच सुधारणा केली. लहान पोरांना मागच्या खोलीत बसवून दाराला बाहेरून कडी लावायला लागला. आता बाईंच्या हातात उरला होता तो हा 'ह'. लबाडीच होती, पण तेवढ्यानेही त्यांना बरं वाटायचं.

हजेरीपट कार्यालयात गेला. दुसऱ्या तासाला वर्गात धूर शिरला.

"बाई, जळका वास येतोय!"

"कारखान्यात कचरा जाळत असतील. खिडक्या लावून घ्या."

पण फळ्यावरचं साधं गणित त्यांचं दोनदा चुकलं. मग बंबाची घंटा ऐकू आली. बंब आलाय, काढतील सगळ्यांना बाहेर, असं त्यांनी मनाला बजावलं.

मधल्या सुट्टीच्या तोंडावर मुख्याध्यापक दारात आले. हातात हजेरीपट होता.

"कारखाना जळाला, बाई. मालक म्हणाला, मागे कुणी नाही, पोरं शाळेत गेलीत. पण चिमणीच्या आईने आकांत मांडला, पोरगी मागच्या खोलीत आहे म्हणून. छप्पर कोसळायला आलेलं, तरी बंबवाले आत शिरायला निघाले होते. नशीब, त्यांच्या साहेबांनी आधी मला फोन केला."

"केव्हा?" बाईंनी विचारलं.

"झाला की तास. मी तुमचा पट उघडला आणि सांगून टाकलं, माणसं मागे घ्या, पोरगी शाळेत हजर आहे."