बाजरीचं घमेलं

शेळगावच्या वस्तीवर जर्सी गाय गाभडली, तसा कांचनच्या सासऱ्यानं राजदूत फटफटीवरून गुरांचा डॉक्टर आणला. त्याच आठवड्यात कांचनचंही पोट पडलं होतं. विटाळ नको म्हणून सासूनं तिला गोठ्यात गोणपाटावर बसवलं, शेणाच्या पाट्या वाहायला लावल्या, वर बजावलं, “पुढच्या म्हयन्यात दिवस जायला पायजेत.” डॉक्टर सांगत होता, “गर्भाच्या पिशवीला आकसायला वेळ लागतो, आत ओली जखम असते. दोन महिने गाभण करू नका, चांगलं खाऊ घाला.” “व्हय, मुक्या जिवाचे हाल नकोत,” सासरा कळवळला. सासूनं गुळात शिजवलेल्या बाजरीचं घमेलं गायीपुढं ठेवलं. कांचनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पाटी आपटली, घमेलं ओढलं अन् बकाणा भरला. “विटाळलं की सगळं!” सासू किंचाळली. कांचननं घास गिळला. “थांबा डाक्टर, नवऱ्याला बोलवते. ते दोन म्हयन्याचं त्यांनाबी सांगा.”