पत्रिकेतला मरहूम

सत्त्याण्णव साली आष्ट्याच्या लियाकतनं सांगलीच्या भंगारातनं जुना कॉम्प्युटर उचलला, पुसून कोरा केला आणि घरातले दोन्ही कॉम्प्युटर त्याला वायरीनं जोडले. छापायच्या लग्नपत्रिका आता तिथंच साठायच्या.

पहिल्याच आठवड्यात एका पत्रिकेत नवरीच्या बापाच्या, तांबोळीचाचांच्या नावाआधी 'मरहूम', म्हणजे कैलासवासी, आलं. चांगला धडधाकट माणूस! बायकोची, सबीनाची चूक समजून लियाकतनं ते खोडलं. पत्रिका वाटायच्या आत चाचा गेले.

आज त्यानं स्वतःच्या लेकीची पत्रिका उघडली. 'मरहूम लियाकत.' खोडलं, तर परत उमटलं. त्यानं जुन्या कॉम्प्युटरची वायरच उपटली.

आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोरनं सबीना ओरडली, "आवं, पत्रिकेत हे काय लिवलंय? कुठं हाय तुमी?"

"हितंच हाय की," म्हणत तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

त्याच्या पाठीमागच्या दाराकडं बघत ती हाका मारतच राहिली.